ऐनवेळचे भाषांतर

बंगळूरच्या उत्तरेस हेब्बाळचे तळे आहे. त्याच्या आसपासच्या कचेऱ्यांतून आज असंख्य माणसे संगणकाच्या आज्ञावल्या लिहीत असतात. याच बंगळुरात सतराव्या शतकात शहाजीराजांचा दरबार भरे. त्या दरबारी नाना भाषांचे कवी येत, असे जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’वरून दिसते. जेथे भाषा अनेक, तेथे भाषांतराचा प्रश्न आलाच. संगणकापुढेही तोच प्रश्न आहे, कारण त्याला शून्य आणि एक या अंकांचीच भाषा कळते.

भाषांतराच्या दोन रीती जुन्या आहेत. पहिली दुभाष्याची. वाक्य ऐकावे आणि तिथल्या तिथे अर्थ सांगावा. काम लगेच सुरू होते. पण तेच वाक्य हजारदा आले, तर अर्थही हजारदा लावावा लागतो. दुसरी ग्रंथकाराची. सारा ग्रंथ आधी भाषांतरून ठेवावा. पुढचे काम वेगाने होते, पण आरंभी ताटकळावे लागते.

या दोहोंतून तिसरा मार्ग निघाला. भाषांतर यंत्र चालू असतानाच करता येईल, ही कल्पना १९६० साली जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेवरील निबंधात आढळते. १९७१ साली डोनाल्ड क्नूथ यांनी प्रत्यक्ष आज्ञावल्या तपासल्या. चार टक्क्यांहूनही कमी मजकूर निम्म्याहून अधिक वेळ खातो, असे त्यांना दिसून आले. मग सारे कशाला भाषांतरावे? जे वारंवार येते, तेवढेच भाषांतरून जपावे. १९८४ साली डॉइच आणि शिफमन यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी ऐनवेळच्या भाषांतराची यशस्वी योजना मांडली, आणि १९९९ साली जावा भाषेची ‘हॉटस्पॉट’ यंत्रणा आली. कोणता भाग किती वेळा चालतो हे ती मोजते आणि मगच भाषांतराला हात घालते.

परंतु, श्रोतेहो, या युक्तीलाही मर्यादा आहे. मोठ्या आज्ञावलीचे सुटे भाग जुळवून ती सिद्ध करणारी एक बांधणीची आज्ञावली असते. ती दिवसातून कितीदा तरी चालते, आणि दर वेळी माणसे तिच्यासाठी खोळंबतात. ती थोडाच वेळ चालत असेल, तर मोजदाद पुरी होण्याआधीच काम आटोपते आणि केलेले भाषांतर वाया जाते. यावर ‘ग्रेडल’ या बांधणीच्या साधनाने २०१६ सालच्या ३.० आवृत्तीत उपाय सरसकट लागू केला. काम संपले तरी यंत्रणा जागी ठेवायची, म्हणजे सकाळचे भाषांतर दुपारीही उपयोगी पडते.

सरकारी कचेरीत वावरणाऱ्या माझ्यासारख्याला यात ओळखीचे तत्त्व दिसते. एकदाच येणाऱ्या अर्जासाठी कोणी कायमचा नियम करीत नाही. आणि रोज येणाऱ्या अर्जाचा रोज नव्याने विचार करीत बसणे, हा जनतेच्या वेळेचा अपव्यय होय. कोणते काम पुनःपुन्हा येते, हे आधी मोजले पाहिजे. यंत्राला वेग आला तो या मोजणीमुळे.