ट्रॅव्हल ट्रेलरचे भारित वजन व पिकअप ट्रकची निवड

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले, मोटारगाडीच्या मागे जोडून ओढून न्यायचे, झोपण्याची, स्वयंपाकाची व न्हाणीची सोय असलेले चाकांवरचे घर होय. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे अशा ट्रेलरांचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो आणि ते ओढण्यासाठी बहुधा पिकअप ट्रक, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली मालवाहू गाडी, वापरला जातो. कोणता ट्रक कोणता ट्रेलर ओढू शकेल हा प्रश्न वरवर इंजिनाच्या ताकदीचा वाटत असला, तरी व्यवहारात तो बहुतेक वेळा ट्रकच्या पाठीवर किती भार पेलतो याचा ठरतो; जाहिरातीत ठळक छापलेली ओढण्याची क्षमता शिल्लक असतानाच ट्रकची वाहून नेण्याची क्षमता संपलेली असते, आणि या विषयातील बहुतेक चुकांचे मूळ तेथेच सापडते.

ट्रेलरच्या वजनाचे तीन आकडे वेगळे ओळखावे लागतात. कारखान्यातून बाहेर पडताना असलेले रिकामे वजन विक्रीपत्रकात ‘ड्राय वेट’ म्हणून दिले जाते. त्यात टाकीतील पाणी, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, खाद्यपदार्थ, तसेच विक्रेत्याने नंतर बसवलेली बॅटरी यांचा समावेश नसतो. या सर्वांसह प्रत्यक्ष प्रवासाला निघालेल्या ट्रेलरचे वजन ते भारित वजन. उत्पादकाने ठरवून दिलेली कमाल मर्यादा हा तिसरा आकडा असून तो ‘जीव्हीडब्ल्यूआर’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. रिकाम्या वजनावर विसंबून ट्रक निवडणे म्हणजे रिकाम्या पोत्याच्या वजनावरून हमालाची मजुरी ठरवण्यासारखे आहे. एकट्या पाण्याचाच हिशेब पाहिला, तरी 40 अमेरिकन गॅलनच्या टाकीत सुमारे 151 लिटर, म्हणजे 151 किलोग्रॅम पाणी मावते. अमेरिकेत ट्रेलरच्या दाराजवळ लावलेल्या पट्टीवर, आत किती वजनाचे सामान भरता येईल या आकड्याबरोबरच, टाकी पूर्ण भरल्यास त्या मर्यादेपैकी किती वाटा पाणीच खाते हेही छापलेले असते. घेतलेल्या ट्रेलरचे खरे वजन हाती येईपर्यंत कमाल मर्यादेचाच आकडा हिशेबाला धरणे शहाणपणाचे समजले जाते, कारण मोकळ्या कपाटांत दर सहलीगणिक सामान साचत जाते आणि ते सहसा पुन्हा खाली उतरवले जात नाही.

ट्रेलरचा सगळा भार त्याच्या स्वतःच्या चाकांवर पडत नाही; काही भार पुढच्या दांडीतून ट्रकच्या जोडणीवर, म्हणजे हिचच्या गोळ्यावर येतो. या भाराला ‘टंग वेट’ म्हणतात. येथे त्यास दांडीभार म्हटले आहे. ट्रॅव्हल ट्रेलरच्या बाबतीत तो भारित वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा असा संकेत आहे. भार याहून कमी झाला, म्हणजे वजन आसाच्या मागे सरकले, तर वेगात ट्रेलर डावीउजवीकडे हेलकावे घेऊ लागतो आणि हेलकावे वाढत गेल्यास तो ट्रकलाही आपल्याबरोबर फिरवतो. मागे जड भरलेल्या बैलगाडीला मराठीत ‘उलाळ’ म्हणतात; गाडी उलाळ झाली की जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते आणि गळ्यातील जोत ताणले जाते. ट्रेलरचा दोष जातीने तोच आहे, फरक एवढाच की ताशी 100 किलोमीटर वेगात त्याची जाणीव गाडीवानाला फार उशिरा होते. दांडीभार कमी ठेवून ट्रकवरचे ओझे हलके करण्याची युक्ती त्यामुळे घातक ठरते. पाण्याच्या टाकीची जागाही येथे महत्त्वाची असते: ती आसाच्या पुढे असेल तर भरल्यावर दांडीभार वाढतो, मागे असेल तर घटतो, आणि गॅसची नळकांडी व बॅटरी तर बहुतेक ट्रेलरांत थेट दांडीवरच बसवलेली असतात.

ट्रकच्या बाजूने पाहता चार मर्यादा एकाच वेळी पाळाव्या लागतात: ट्रकचे स्वतःचे भारासह कमाल वजन, पुढील व मागील आसांवरील वेगवेगळी कमाल वजने, ट्रक व ट्रेलर यांचे मिळून कमाल वजन, आणि हिचवर कोरलेली हिचची स्वतःची मर्यादा. यांपैकी जी आधी संपेल ती खरी. चालकाच्या दाराच्या खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाची एक पट्टी चिकटवलेली असते आणि माणसे व सामान मिळून किती वजनापर्यंत जाता येईल हे तीवर पौंडांत व किलोग्रॅममध्ये दिलेले असते. हा आकडा त्या एका ट्रकपुरता असतो. माहितीपत्रकातील कमाल आकडा मात्र बहुधा सर्वांत साध्या सजावटीच्या गाडीचा असतो. काचेचे छत, विजेवर हलणारी आसने, मोठी चाके अशा प्रत्येक चैनीचे वजन भार वाहण्याच्या क्षमतेतून वजा होत जाते. परिणामी अधिक किमतीचा ट्रक त्याच जातीच्या स्वस्त ट्रकापेक्षा कमी ओझे वाहतो, ही गोष्ट पुष्कळ खरेदीदारांना पैसे भरून झाल्यावर कळते.

हा हिशेब एका कल्पित पण नेहमीच्या आढळातील उदाहरणाने स्पष्ट होईल. एका ‘हाफ-टन’ वर्गातील ट्रकाची जाहिरातीतील ओढण्याची क्षमता 11,000 पौंड (4,990 किलोग्रॅम) असून दारावरील पट्टीवर भाराची मर्यादा 1,500 पौंड (680 किलोग्रॅम) लिहिलेली आहे, आणि मागे जोडायच्या ट्रेलरचे भारित वजन 7,000 पौंड (3,175 किलोग्रॅम) आहे असे समजू. ओढण्याच्या दृष्टीने पुष्कळ वाव दिसतो. परंतु 13 टक्के दराने दांडीभार 413 किलोग्रॅम होतो. जोडणीचे साहित्य 45 किलोग्रॅम. आईवडील व दोन मुले मिळून 218 किलोग्रॅम. बेरीज 676 किलोग्रॅम झाल्यावर उरतात 4. कुत्रा गाडीत चढला, किंवा हौद्यात जळाऊ लाकडाची एक मोळी पडली, की मर्यादा ओलांडली गेली, आणि तीही ओढण्याची क्षमता 1,815 किलोग्रॅमने शिल्लक असताना.

दांडीभाराचा परिणाम त्याच्या वजनापुरताच मर्यादित नसतो. हिचचा गोळा मागील आसाच्याही मागे असल्याने तरफेच्या नियमानुसार तो पुढील आस उचलू पाहतो. वरील ट्रकाच्या दोन आसांमधील अंतर 3.7 मीटर व मागील आसापासून गोळ्याचे अंतर 1.25 मीटर धरले, तर 413 किलोग्रॅमच्या दांडीभाराने पुढील आसावरचा भार सुमारे 140 किलोग्रॅमने घटतो आणि मागील आसावर 553 किलोग्रॅमची भर पडते. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू सैल वाटते, ब्रेकची पकड कमी होते आणि रात्री दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत जातो. यावरील उपाय म्हणजे भारविभाजक हिच: तिच्या दोन लवचीक पोलादी दांड्या ताण देऊन बसवल्या की जोडणीच्या सांध्यावर पीळ निर्माण होतो आणि मागील आसावरचा काही भार पुढील आसाकडे व काही ट्रेलरच्या आसांकडे ढकलला जातो. मात्र ही हिच ट्रेलरचे वजन कमी करत नाही, किंवा ट्रकची छापील मर्यादा वाढवतही नाही.

कागदावरचा हिशेब पुरेसा नसतो. तो काट्यावर पडताळावा लागतो. अमेरिकेत महामार्गांवरील ट्रक-थांब्यांवर मालट्रकांसाठी वजनकाटे असतात, त्यांपैकी 1977 पासून चालत आलेली ‘कॅट स्केल’ ही साखळी सर्वपरिचित आहे. त्यांचा फलाट तुकड्यांचा असल्याने ट्रकचा पुढील आस, मागील आस व ट्रेलरचे आस यांची वजने एकाच वेळी वेगवेगळी मिळतात. जाणकार तीन वेळा वजन करतात: भारविभाजक दांड्या ताणून, त्या सैल सोडून, आणि शेवटी ट्रेलर बाजूला ठेवून एकट्या ट्रकाचे. वरच्याच उदाहरणात माणसांसह एकट्या ट्रकाचे आकडे पुढे 1,560 व मागे 1,266 किलोग्रॅम, दांड्या सैल असताना 1,420 व 1,819, आणि दांड्या ताणल्यावर 1,510 व 1,676 असे आले, तर पहिल्या दोन बेरजांतील फरक, म्हणजे 413, हा खरा दांडीभार ठरतो. दांड्या ताणल्यामुळे पुढील आसाने गमावलेल्या 140 पैकी 90 किलोग्रॅम परत मिळाले आणि 53 किलोग्रॅम ट्रेलरच्या आसांवर गेले हेही दिसते. मागील आसाची मर्यादा 1,724 किलोग्रॅम असेल, तर सैल दांड्यांनिशी निघालेली गाडी एकूण वजनात बसूनही आसावर मात्र जास्त भरलेली होती, हे काट्याशिवाय कळण्याचा मार्ग नव्हता.

ओढण्याच्या क्षमतेचे आकडे दीर्घकाळ प्रत्येक उत्पादक आपल्या पद्धतीने ठरवत असे व स्पर्धेत ते फुगत जात. 2008 मध्ये ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने जे2807 हे सामाईक मानक प्रसिद्ध केले. टोयोटाने ते 2011 च्या मॉडेलांपासून स्वीकारले, तर अमेरिकी कंपन्या हाफ-टन ट्रकांच्या बाबतीत 2015 च्या सुमारास त्यात सामील झाल्या. मानकातील कसोट्यांमध्ये ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळून चढणारा सुमारे 18 किलोमीटरचा घाट वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून उन्हाळ्यातील सुमारे 38 अंश सेल्सिअसच्या उष्म्यात चढणे, आणि त्यात ताशी 40 मैलांखाली (64 किलोमीटर) न घसरणे, ही एक आहे; 12 टक्के चढावर थांबलेली गाडी पुढे व मागे पुन्हापुन्हा हलवणे ही दुसरी. मानकाने आकड्यांना शिस्त लावली हे खरे, पण त्यात धरलेली माणसे दोन, प्रत्येकी 68 किलोग्रॅमची, आणि दांडीभार ट्रेलरच्या वजनाच्या अवघा 10 टक्के. मुले, सायकली व शेगडी घेऊन निघणारे कुटुंब या साच्यात बसत नाही.

‘हाफ-टन’, ‘थ्री-क्वार्टर-टन’ व ‘वन-टन’ ही वर्गनावे एके काळी वाहून नेण्याच्या भाराशी निगडित होती. आज ती फक्त आकाराची पायरी दाखवतात आणि फोर्डच्या एफ-150, एफ-250 व एफ-350 या मालिकेतील क्रमही तसाच वाचला जातो. हाफ-टन अपुरा पडला की खरेदीदार थ्री-क्वार्टर-टनाकडे वळतो, पण तेथेही गफलत संभवते. डिझेल इंजिन ओढायला बळकट असले तरी पेट्रोल इंजिनापेक्षा बरेच जड असते; ट्रकची एकूण मर्यादा तीच राहिली तर हे जादा वजन थेट भारक्षमतेतून कापले जाते. या वर्गातील पुष्कळ ट्रकांची मर्यादा नोंदणीच्या सोयीसाठी 10,000 पौंडांवर (4,536 किलोग्रॅम) ठेवलेली असते, त्यामुळे भरगच्च सजावटीचा डिझेल ट्रक कधीकधी हाफ-टनापेक्षा फारसे अधिक वाहू शकत नाही. ‘फिफ्थ व्हील’ प्रकारच्या ट्रेलरांत जोडणी हौद्याच्या आत, मागील आसाच्या जवळपास असते. त्यामुळे तरफेचा त्रास जवळजवळ नाहीसा होतो, परंतु तेथे जोडणीवर येणारा भार ट्रेलरच्या वजनाच्या साधारण 15 ते 25 टक्के असतो, आणि मोठ्या फिफ्थ व्हीलसाठी मागे प्रत्येक बाजूस दोन-दोन चाके असलेला वन-टन ट्रकच बहुधा घ्यावा लागतो.