युद्धाचा खर्च आणि नाशिकच्या नोटा

युद्ध सैनिक लढतात, असे आपण वर्गात शिकवतो. पण सैनिकाचे अन्न, कपडे, बूट आणि काडतुसे शेतातून, गिरण्यांतून आणि खाणींतून येतात. युद्ध करायचे तर सरकारला समाजाच्या वापरातल्या वस्तू आणि श्रम काढून घ्यावे लागतात. ते कसे घेतात?

याचे एक उत्तर नाशिकरोडला सापडते. १९२८ साली तेथे चलनी नोटांचा छापखाना सुरू झाला. त्यापूर्वी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून येत. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी लोकप्रतिनिधींना न विचारता भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. सुमारे २ लाखांचे सैन्य १९४५ पर्यंत सुमारे २५ लाखांवर गेले. कर वाढवले, कर्जरोखे विकले, तरी पैसा पुरेना. ब्रिटनसाठी येथे घेतलेल्या मालाची किंमत लंडनमध्ये पौंडांत जमा होई आणि त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथे नोटा काढी. १९३९ साली चलनात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या. युद्धाअखेर त्या ११०० कोटींच्या वर गेल्या.

नोटा सहापट झाल्या, पण शेते सहापट पिकली नाहीत. समजा, बाजारात १० पोती ज्वारी आहे आणि सगळ्या गिऱ्हाइकांजवळ मिळून १०० रुपये आहेत. पोत्याचा भाव १० रुपये. आता नव्या छापलेल्या १०० रुपयांच्या नोटा घेऊन सरकारी खरेदीदार आला. भाव २० रुपये होईल आणि ५ पोती तो घेऊन जाईल. जप्ती नाही, करही नाही. तरी निम्मे धान्य गेले! भाववाढ हा न सांगता बसवलेला कर असतो. ज्याची मजुरी भावाबरोबर वाढत नाही, त्याला तो सर्वांत जड जातो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात २० ते ३० लाख माणसे मेली. त्यामागच्या अनेक कारणांपैकी ही भाववाढ एक मोठे कारण होते. त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झाले. तेथे वाटणी निदान शिधापत्रिकेवर होऊ लागली.

धातूही असाच काढून घेतला गेला. १९४० साली रुपयातली चांदी सुमारे ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली. १९४३ साली मधोमध भोक असलेला पैसा आला. जुना पैसा ४.८६ ग्रॅमचा होता, हा अवघा २ ग्रॅमचा.

युद्ध संपले तेव्हा लंडनमध्ये भारताच्या नावावर सुमारे १७०० कोटी रुपयांइतकी रक्कम जमा होती. हिशेबाच्या वहीत ते ब्रिटनला दिलेले कर्ज होते. पण ते दिले होते इथल्या अर्धपोटी माणसांनी, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

कुणाच्या घरी भोकाचा पैसा असेल, तर तो वर्गात आणायला सांगावा आणि प्रयोगशाळेच्या तराजूत तोलावा. भोकातला धातू कुठे गेला असेल, हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. आम्हांला वाटते, युद्धाचा धडा तेथून सुरू करता येईल.