पोलिसांत लगेच गेले, विमा कंपनीला उशिरा कळवलं: चोरीला गेलेल्या गाडीचा क्लेम बुडतो का?

खारदांड्यासारख्या भागात गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना चिकटलेली आणि सोसायटीचं पार्किंग थोड्यांच्याच नशिबी. त्यामुळे स्कूटर, रिक्षा, टेम्पो, कार रात्रभर रस्त्याच्या कडेलाच उभ्या असतात. सकाळी गाडी जागेवर नसली की दोन-तीन दिवस शोधाशोधीत आणि पोलीस ठाण्याच्या चकरांमध्ये जातात. विमा कंपनीची आठवण त्यानंतर येते. मग काही वेळा पत्र येतं, 'चोरीची माहिती तातडीने दिली नाही, सबब दावा नामंजूर.'

हे पत्र म्हणजे शेवटचा शब्द नसतो. सर्वोच्च न्यायालयाने यावर २०२० मध्ये स्पष्ट निकाल दिला आहे. पण त्याचा फायदा मिळण्यासाठी सुरुवातीला काही गोष्टी वेळेत झालेल्या असाव्या लागतात.

आधी पॉलिसी कोणती आहे ते बघा

कायद्याने सक्तीचा असतो तो थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो उपयोगी पडतो. स्वतःची गाडी चोरीला गेली तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. चोरीचं संरक्षण असतं ते कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे पॅकेज पॉलिसीत किंवा वेगळ्या घेतलेल्या 'ओन डॅमेज' पॉलिसीत. जुन्या दुचाकींना अनेकदा फक्त थर्ड पार्टी विमाच असतो, म्हणून हे आधी तपासावं.

पहिल्या दिवशी काय करायचं?

आधी गाडी वाहतूक पोलिसांनी टो केलेली नाही ना, किंवा हप्ते थकल्यामुळे फायनान्स कंपनीने उचललेली नाही ना, याची खात्री करावी. तसं नसेल तर ११२ वर फोन करून थेट पोलीस ठाणं गाठावं. खारदांड्यासाठी ते खार पोलीस ठाणं.

इथे लेखी अर्ज देऊन किंवा ऑनलाइन 'हरवल्याची' नोंद करून थांबू नये. विम्यासाठी एफआयआर लागतो. १ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली नोंदवला जातो. आधी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली नोंदवला जात असे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी तक्रार घ्यावी लागते. तक्रार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिली असेल तर तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते.

त्याच दिवशी विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन करून क्लेम नंबर घ्यावा आणि एक ईमेलही टाकावा. फोनचा पुरावा नंतर सापडत नाही, ईमेलचा सापडतो. आरटीओलाही लेखी कळवावं, म्हणजे गाडी परस्पर दुसऱ्याच्या नावावर होण्याची शक्यता कमी होते. खार ते अंधेरी पट्ट्यासाठी एमएच-०२ म्हणजे अंधेरी आरटीओ आहे.

'अ समरी' म्हणजे काय?

क्लेम सगळ्यात जास्त अडतो तो इथे. गाडी सापडलीच नाही, असा पोलिसांचा अंतिम अहवाल कंपनी मागते. महाराष्ट्रात त्याला 'अ समरी' किंवा 'ए समरी' म्हणतात. गुन्हा खरा आहे, पण शोध लागला नाही, असा त्याचा अर्थ. तक्रार खोटी निघाली तर 'ब समरी' होते आणि गुन्हा गैरसमजातून दाखल झाला किंवा वाद दिवाणी स्वरूपाचा निघाला तर 'क समरी'. पोलीस हा अहवाल न्यायालयात सादर करतात आणि दंडाधिकारी तो मंजूर करतात. खार पोलीस ठाण्याचं काम वांद्रे न्यायालयात चालतं.

यात काही महिने जाऊ शकतात. तपास अधिकाऱ्याचं नाव आणि गुन्हा क्रमांक लिहून ठेवून पाठपुरावा करत राहणं, हाच यावर मार्ग आहे.

कंपनी काय काय मागते?

क्लेम फॉर्म, पॉलिसी, आरसी बुक, एफआयआर, अ समरी आणि गाडीच्या दोन्ही चाव्या. गाडी कंपनीच्या नावे करून देण्यासाठी आरटीओचे सही केलेले फॉर्म २८, २९ आणि ३० घेतले जातात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्रही लागतं. एक चावी आधीच हरवली असेल तर ते लपवू नये. दुसरी चावी बनवल्याची पावती असेल तर ती द्यावी. जबाबात एक आणि क्लेम फॉर्मवर दुसरं लिहिलेलं असलं की कंपनीच्या तपासनीसाचा संशय वाढतो.

विमा नियामक आयआरडीएआयच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार कागदपत्रांअभावी क्लेम फेटाळता येत नाही आणि क्लेमशी संबंधित आवश्यक कागदच मागता येतात. अर्थात, एफआयआर आणि पोलिसांचा अंतिम अहवाल या आवश्यक कागदांत येतात.

उशिराचा मुद्दा: न्यायालय काय म्हणालं?

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचेच दोन वेगळे सूर होते. २०१० मध्ये परवेश चंदर चढ्ढा प्रकरणात कंपनीला उशिरा कळवल्यामुळे क्लेम नाकारणं योग्य ठरलं. २०१७ मध्ये ओमप्रकाश प्रकरणात मात्र आठ दिवसांचा उशीर माफ झाला. त्यामुळे हा प्रश्न तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला.

हे प्रकरण होतं गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स. २०१० मध्ये ट्रॅक्टर चोरीला गेला. एफआयआर त्याच दिवशी झाला, पण कंपनीला ५२ दिवसांनी कळवलं गेलं. २४ जानेवारी २०२० ला निकाल लागला. तो लिहिला होता मूळचे अमरावतीचे असलेले न्या. भूषण गवई यांनी.

न्यायालयाचं म्हणणं असं: अपघातात कंपनीला लगेच कळवणं महत्त्वाचं, कारण सर्व्हेअरला नुकसान बघायचं असतं. चोरीत बघायला गाडीच नसते. तिथे पॉलिसीची अट पोलिसांना ताबडतोब कळवण्याची आहे, कारण गाडी शोधण्याचं काम पोलिसांचं. एफआयआर लगेच झाला असेल, पोलिसांनी गाडी सापडली नसल्याचा अहवाल दिला असेल आणि कंपनीच्या तपासनीसालाही चोरी खरी वाटली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येणार नाही.

२०२२ मध्ये जैना कन्स्ट्रक्शन प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा लागू झालं. तिथे कंपनीला सुमारे पाच महिन्यांनी कळवलं होतं. आयआरडीएआयनेही २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात, निव्वळ उशिराच्या तांत्रिक कारणावरून खरे दावे फेटाळू नका, असं कंपन्यांना बजावलं होतं.

लक्षात घ्या, ही सवलत कंपनीला कळवायला झालेल्या उशिरासाठी आहे. पोलिसांकडे जायलाच उशीर झाला तर हा निकाल मदतीला येईलच असं नाही.

चावी गाडीतच राहिली होती, तर?

'योग्य काळजी घेतली नाही' हे क्लेम नाकारण्याचं आणखी एक नेहमीचं कारण. अशा वेळी सगळाच क्लेम बुडतो असं नाही. अटींचा भंग मूलभूत स्वरूपाचा नसेल तर न्यायालयांनी 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीने ७५ टक्के रक्कम देण्याची वाट काढली आहे. २००८ च्या नितीन खंडेलवाल प्रकरणात ती दिसते. २०२३ मध्ये अशोक कुमार विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स प्रकरणात चालक चावी गाडीतच ठेवून पत्ता विचारायला उतरला होता आणि ट्रक चोरीला गेला. तिथेही ७५ टक्के रक्कम मंजूर झाली.

मग क्लेम खरोखर कुठे बुडतो?

नोंदणीत. २०११ मध्ये एका मालकाची नवी बोलेरो जोधपूरमध्ये रात्री चोरीला गेली. तात्पुरती नोंदणी नऊ दिवस आधीच संपली होती. ३० सप्टेंबर २०२१ ला सुशील कुमार गोदारा प्रकरणात न्यायालयाने क्लेम नाकारणं योग्य ठरवलं. वैध नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणणं हाच मूलभूत भंग आहे, असं न्यायालय म्हणालं.

सेकंडहँड गाडीतही हाच धोका आहे. आरसी नावावर झाली, पण पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली, तर चोरीचा क्लेम अडकतो. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, चोरीचं संरक्षण आपोआप जात नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते.

पैसे किती मिळतात?

आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीवर छापलेली गाडीची किंमत. त्यातून ठरलेली छोटी रक्कम वजा होते. आयडीव्ही घसाऱ्याने ठरते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. म्हणजे १ लाखाच्या स्कूटरची पॉलिसी घेताना ती अडीच वर्षांची असेल, तर ७० हजार. पूर्ण खरेदी किंमत हवी असेल तर 'रिटर्न टू इन्व्हॉइस' हे जादा कव्हर आधीच घेतलेलं असावं लागतं.

गाडीवर कर्ज असेल तर रक्कम आधी बँकेकडे जाते. क्लेम मंजूर होईपर्यंत हप्ते थांबवू नयेत, दंड आणि सिबिल दोन्ही अंगावर येतं. पैसे मिळाल्यावर गाडी सापडली तर ती कंपनीची होते.

क्लेम नाकारला तर कुठे जायचं?

१. कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. नकाराचं कारण लेखी मागावं. तक्रार आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या टोल-फ्री क्रमांकावरही करता येते.

२. विमा लोकपाल. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर एका वर्षात इथे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाखांची. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर, जीवन सेवा अॅनेक्समध्ये आहे. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

३. जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची. मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असलं तरी ग्राहकाला आपण राहतो तिथे तक्रार करता येते. आयोगात प्रकरण सुरू असताना मात्र लोकपाल तक्रार घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल आणि मग आयोग हा क्रम सोयीचा.

तक्रारीत गुरशिंदर सिंग निकालाचं नाव आणि तारीख लिहावी. सोबत एफआयआर, अ समरी आणि कंपनीला पाठवलेला पहिला ईमेल जोडावा. उशिराच्या मुद्द्यावर नाकारलेला क्लेम परत उघडायला लागणारे मुख्य कागद हेच आहेत.