आरक्षण म्हणजे मनुष्यबळाचा आराखडा: कोल्हापूरच्या हुकुमापासून बिंदुनामावलीपर्यंत

आरक्षणाची चर्चा आपल्याकडे दोनच शब्दांभोवती फिरते. विरोधक गुणवत्तेचा घोष करतात आणि आपण टक्केवारीचा हिशेब मांडतो. पण नोकरी कुणाला मिळणार हे जाहिरात निघण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते. पुढच्या काही वर्षांत कोण निवृत्त होणार, किती पदे मंजूर राहणार, त्या पदांसाठी माणसे कुठे तयार होणार, याचा आराखडा प्रत्येक संस्था करते. हा आराखडा ज्याच्या हातात, नोकरीची चावी त्याच्याच हातात. छत्रपती शाहू महाराज आणि बाबासाहेब या दोघांनीही नेमका इथेच हात घातला.

1894 मध्ये शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा कोल्हापूर संस्थानातील सर्वसाधारण प्रशासनाच्या 71 अधिकारपदांपैकी 60 पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. 26 जुलै 1902 चा हुकूम आपण 50 टक्के आरक्षणासाठी आठवतो, पण त्याचा तपशील फारसा वाचत नाही. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागास वर्गांना, हा पहिला भाग. ज्या कार्यालयात मागास वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे तिथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच, हा दुसरा. आणि प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांचा तिमाही अहवाल सादर करावा, हा तिसरा. म्हणजे उद्दिष्ट, भरतीचा क्रम आणि तपासणी, तिन्ही एकाच हुकुमात. यासाठी कुणाला नोकरीवरून काढण्याची गरज नव्हती, प्रश्न रिकाम्या जागांचा होता. 1912 पर्यंत 95 पदांपैकी ब्राह्मण अधिकारी 35 उरले.

पण रिकाम्या जागेवर बसणारा माणूस कुठून येणार? महाराजांनी वसतिगृहे काढली ती याच प्रश्नाला उत्तर म्हणून. मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह 1901 मध्ये, म्हणजे हुकुमाच्याही आधी सुरू झाले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग 1908 मध्ये उभे राहिले.

हेच काम बाबासाहेबांनी दिल्लीत देशपातळीवर केले. जुलै 1942 मध्ये ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाईसरॉयला दिले. नोकऱ्यांत ठराविक वाटा मागून ते थांबले नाहीत. कायदा आणि कला शाखेच्या पदव्यांनी फारसे साधणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, त्यासाठी शिष्यवृत्त्या हव्यात, परदेशी शिक्षणाची सोय हवी, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता.

ऑगस्ट 1943 मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8.33 टक्के जागा राखीव झाल्या. लोकसंख्येच्या प्रमाणात हा वाटा कमी होता. पूर्ण वाटा दिला तर तेवढे पात्र उमेदवार मिळणार नाहीत, असे सरकारचे म्हणणे होते. बाबासाहेबांचे निवेदन याच सबबीच्या मुळावर घाव घालणारे होते. 1944 पासून शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1946 च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी राखीव वाटा 12.5 टक्के झाला. सरकारकडून जागा घ्यायच्या आणि समाजातून त्या जागांसाठी माणसे घडवायची, ही दोन्ही कामे बाबासाहेब एकाच वेळी करत होते.

आज उमेदवार मिळत नाहीत ही सबब चालत नाही. पदवीधरांच्या रांगा लागल्या आहेत. म्हणून आता आराखडाच बदलला जातो. 2018 चे 13 बिंदूंचे रोस्टर आठवा. आरक्षणाची टक्केवारी जशीच्या तशी होती. बदलले ते फक्त मोजण्याचे एकक: संपूर्ण विद्यापीठाऐवजी एकेक विभाग. या क्रमात ओबीसींचा पहिला बिंदू चौथा, अनुसूचित जातींचा सातवा आणि अनुसूचित जमातींचा चौदावा. ज्या विभागात तीनच पदे, तिथे आरक्षण येणार कधी? देशभर आंदोलन झाले, मार्च 2019 मध्ये अध्यादेश निघाला आणि नंतर कायदा करून विद्यापीठ हेच एकक ठरवावे लागले.

दुसरी वाट कंत्राटीकरणाची. पद मंजूर आकृतिबंधातूनच वगळले आणि काम खासगी एजन्सीच्या माणसाकडे दिले की बिंदुनामावलीचा प्रश्नच उरत नाही. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये एजन्सीमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय केला होता. तरुणांच्या विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. पण रस्त्यावर उतरून एक शासन निर्णय मागे घेता येतो. कार्यालयाकार्यालयात गुपचूप कमी होणारी पदे मोर्च्याला दिसत नाहीत.

त्यासाठी कागद वाचावे लागतील. आपल्या तालुक्यातील नगरपालिका, जिल्हा परिषद, महाविद्यालय यांच्याकडे माहिती अधिकारात पाच गोष्टी मागा: मंजूर पदे किती, भरलेली किती, पुढील पाच वर्षांत निवृत्त होणारे किती, अनुशेष किती, आणि बिंदुनामावली शेवटची कधी तपासली गेली. 1902 मध्ये शाहू महाराज खातेप्रमुखांकडून दर तिमाहीला हिशेब घेत होते. आज तो हिशेब आपणच मागितला पाहिजे, आणि दर तिमाहीला मागितला पाहिजे.

जय भीम!