टेलिहँडलर : रचना, उपयोग आणि घ्यावयाची काळजी

साध्या फोर्कलिफ्टचे काटे फक्त वर-खाली होतात आणि तिला सपाट, पक्की फरशी लागते. टेलिस्कोपिक फोर्कलिफ्ट म्हणजेच टेलिहँडलर शेतातील कच्च्या जमिनीवरही चालतो. त्याचा बूम वर उचलला जातो, तसाच पुढेही लांबवता येतो. जेसीबी कंपनीने 1977 मध्ये ‘लोडॉल’ हे यंत्र बाजारात आणले. आज युरोपमधील शेतीत अशी यंत्रे मोठ्या प्रमाणात वापरली जातात.

यंत्र कसे काम करते?
- बूममध्ये एकात एक बसणारे पोलादी भाग असतात. हायड्रॉलिक सिलिंडरच्या दाबाने ते पुढे सरकतात.
- बूमची बिजागरी यंत्राच्या मागच्या भागात असते. यंत्राचे वजन उचललेल्या भाराला तोलून धरते.
- अनेक यंत्रांत चारही चाके वळतात. त्यामुळे अरुंद जागेत वळणे सोपे जाते.
- काटे काढून बकेट किंवा गासड्या पकडणारा पंजा जोडता येतो.

कोठे उपयुक्त?
- चारा व मुरघासाच्या गासड्यांची उंच थप्पी लावणे.
- जिनिंगमध्ये सुमारे 170 किलोच्या कापूस गाठी हलवणे.
- शेतकरी उत्पादक कंपनीचे गोदाम, पॅकहाउस येथे ट्रक भरणे-उतरवणे.
- शेणखत, कंपोस्ट ट्रॉलीत भरणे.

साधारण 3 टन क्षमतेच्या यंत्राचे स्वतःचे वजन 6 ते 8 टन असते. पावसाळ्यात ओल्या काळ्या जमिनीत ते रुतू शकते. थोडे क्षेत्र आणि मोजके काम असल्यास ट्रॅक्टरचा फ्रंट लोडर किंवा भाड्याचे यंत्र परवडते.

क्षमतेचा खरा अर्थ
भरलेली बादली अंगाजवळ सहज पेलते. हात लांब करून धरली, की खांदा भरून येतो. यंत्राचेही तसेच आहे. 3 टन ही क्षमता बूम आखडलेला असतानाची असते. बूम पूर्ण पुढे काढल्यावर ती निम्म्याहून कमी राहू शकते. म्हणून केबिनमधील भार-तक्ता पाहूनच वजन उचलावे.

महत्त्वाची काळजी
- धोक्याचा इशारा वाजला, की चालक घाबरून लांबवलेला बूम खाली घेतो. त्यामुळे भार यंत्रापासून आणखी दूर जातो व यंत्र पुढे कलंडू शकते. आधी बूम आत घ्यावा, मगच खाली आणावा.
- भार घेऊन जाताना बूम आखडलेला व खाली ठेवावा. उतारावर भार चढाच्या बाजूला असावा.
- आडव्या उतारावर उभे राहून बूम उंच करू नये.
- विजेच्या तारांखाली बूम उचलू नये.
- काट्यांवर माणसाला उभे करून वर चढवू नये. उचललेल्या भाराखाली कोणी थांबू नये.
- टायरमधील हवा रोज तपासावी. एका बाजूची हवा कमी असल्यास यंत्राचा तोल बिघडतो.

यंत्र विकत किंवा भाड्याने घेण्यापूर्वी आपला सर्वांत जड भार किती, तो किती उंच आणि किती पुढे ठेवायचा, हे मोजून घ्या. हे तीन आकडे भार-तक्त्याशी जुळत असतील, तरच ते यंत्र निवडा.