दादा कोंडके : वगातला हवालदार आणि तंबूतला नाम्या



टेंभुर्णीत उभं राहून तमाशातल्या सोंगाड्याविषयी बोलायचं म्हणजे आजोळच्या गोष्टी आजीलाच सांगण्यातला प्रकार आहे. याच पुणे-सोलापूर रस्त्यानं थोडं पुढं गेलं की मोडनिंब लागतं. तिथल्या संगीतबाऱ्या आणि तिथल्या कलावंतीण बायका महाराष्ट्रभर माहीत आहेत. तेव्हा गण-गवळण कशाला म्हणतात, बतावणी म्हणजे काय, वग कुठून सुरू होतो, हे आम्ही तुम्हाला समजावत बसणार नाही. आज बोलायचं आहे ते या परंपरेतून निघून नाटकात आणि तिथून सिनेमात गेलेल्या एका नटाविषयी, आणि आम्ही नाटकाच्या इतिहासावर लिहिणाऱ्या मंडळींनी त्याच्याबाबतीत केलेल्या कुचराईविषयी. नट म्हणजे दादा कोंडके.

कृष्णा खंडेराव कोंडके. जन्म ८ ऑगस्ट १९३२. घराणं मूळचं भोर तालुक्यातलं, इंगवलीचं, पण दादांचं लहानपण गेलं मुंबईच्या गिरणगावात. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंच काही यावर उभं आहे. पडद्यावर ज्याला आपण अस्सल खेडूत म्हणून पाहिलं, तो मुंबईच्या चाळीत वाढलेला माणूस होता. गिरणीतला कामगार साताऱ्याचा, कोल्हापूरचा, कोकणातला, घाटावरचा. तो मुंबईत राही आणि मनानं गावी असे. गावची बोली, गावचा पाटील, गावची जत्रा, हे सगळं चाळीच्या गॅलरीत रोज आठवलं जाई. दादांचं खेडं हे असं आठवणीतलं खेडं आहे. म्हणून तिथलं सगळं एकेक बोट जास्त आहे : पाटील जास्त पाटील, आई जास्त आई आणि भोळा माणूस तर अतोनात भोळा.

तरुणपणी दादांनी बँडपथकात वाजवलं, अपना बाजारमध्ये नोकरी केली आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ते वावरले. या कलापथकाची आठवण आज फार कुणाला नाही. १९४१ साली सेवा दल उभं राहिलं आणि पुढं त्याच्या कलापथकानं तमाशाचा बाज घेऊन समाजवादी विचार गावोगाव नेला. पु. ल. देशपांड्यांनी 'पुढारी पाहिजे' लिहिलं ते याच कामासाठी. शाहीर साबळे, वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले, राम नगरकर, सगळी या ना त्या नात्यानं या मांडवाखालून गेलेली माणसं. लोकनाट्य हा शब्द रुजला तो या काळात. तमाशा म्हटलं की पांढरपेशा घरात भुवया वर जात. लोकनाट्य म्हटलं की तिकीट काढून सहकुटुंब बसता येई. शब्द बदलला आणि दार उघडलं, इतकं ते सोपं होतं. (दारातून आत कोण आलं आणि कोण बाहेरच राहिलं, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. बारीवर नाचणारी बाई बाहेरच राहिली, एवढं मात्र आज सांगून ठेवतो.)

दादांनी स्वतःचा संच काढला, 'खणखणपूरचा राजा' केलं आणि मग वसंत सबनिसांकडून मिळालं 'विच्छा माझी पुरी करा'. साल १९६५. गोष्ट अगदी साधी आहे. राज्याचा कोतवाल मरतो. हवालदाराला वाटतं, इतकी वर्षं चाकरी केली, आता जागा आपलीच. पण प्रधानजी आपल्या मेव्हण्याला कोतवाल करतात. मग हवालदार मैनावतीला हाताशी धरतो आणि ती नव्या कोतवालाकडं राजाचा छपरी पलंगच मागून बसते. झालं, कोतवाल अडकतो.

आता बघा, यात राजा आहे, प्रधान आहे, मैनावती आहे, पण १९६५ सालच्या प्रेक्षकाला काय दिसलं? राज्य होऊन पाच वर्षं झालेली. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, सहकारी संस्था नव्यानं उभ्या राहत होत्या आणि जागा कुणाच्या मेव्हण्याला मिळते हे प्रत्येकाला आपल्या गावावरून ठाऊक होतं. सबनिसांनी हे कुठंच नाव घेऊन लिहिलेलं नाही. ती जागा नटासाठी मोकळी सोडली आणि दादांनी ती भरली. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात जे असेल ते रात्री हवालदाराच्या तोंडी यायचं. सोंगाड्याचं कसब यातच असतं : संहिता म्हणजे दोरी, तिच्यावर चालायचं त्यानं आपल्या पायांनी. दीड हजारांवर प्रयोग झाले, म्हणजे दीड हजार वेगवेगळी 'विच्छा' झाली म्हणायला हरकत नाही. छापील पुस्तक हातात घेतलं तर त्यातली एकही सापडत नाही. पुढं याच नाटकाचं हिंदीत 'सैंया भये कोतवाल' झालं आणि तेही गाजलं, म्हणजे सबनिसांचा सांगाडा किती भक्कम होता ते कळतं. पण सांगाडा आणि माणूस यांत फरक असतोच की.

सिनेमा आला तो या प्रयोगांतून. आशा भोसले यांनी नाटक पाहिलं आणि भालजी पेंढारकरांकडं दादांचं नाव काढलं. भालजींच्या 'तांबडी माती'त, १९६९ साली, दादा पहिल्यांदा पडद्यावर दिसले. भालजींचा सिनेमा म्हणजे शिस्तीचा कारभार, त्यात आयत्या वेळच्या कोट्यांना जागा कमीच. दादांना स्वतःचा सिनेमा का काढावासा वाटला असेल, याचं एक उत्तर आम्हाला इथं दिसतं.

१९७१ साली 'सोंगाड्या' आला. कथा सबनिसांचीच, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचं, सोबत उषा चव्हाण, निळू फुले आणि आईच्या भूमिकेत रत्नमाला. ढगळ अर्धी विजार, लोंबणारी नाडी आणि तोंडात सारखं "आये". आईच्या धाकातला नाम्या तमाशा बघायला जातो आणि तमाशातच हरवतो. मुंबईत दादरच्या कोहिनूर थिएटरात चित्रपट लागायचा होता, पण थिएटरवाल्यांचा कल देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'कडं वळला. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडं गेले, शिवसैनिक थिएटरवर गेले, आणि 'सोंगाड्या' लागला. हा किस्सा सगळ्यांना माहीत आहे, तो बाळासाहेबांचा किस्सा म्हणून सांगितला जातो. आम्हाला त्यात दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. मराठी सिनेमाला मुंबईत, दादरमध्ये, आपल्याच माणसांच्या वस्तीत पडदा मिळत नव्हता. सेवा दलात तयार झालेला नट शिवसेनेच्या व्यासपीठावर कसा गेला, याची विचारसरणीतून उत्तरं शोधणारे शोधोत. आम्हाला तरी ते उत्तर कोहिनूरच्या तिकीट खिडकीवर मिळतं.

मग रांगच लागली. 'एकटा जीव सदाशिव' १९७२, 'आंधळा मारतो डोळा' १९७३, 'पांडू हवालदार' १९७५, 'तुमचं आमचं जमलं' १९७६, 'राम राम गंगाराम' १९७७, 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' १९७८. 'पांडू हवालदार'पासून दिग्दर्शनही त्यांचंच. वगातला हवालदार आता मुंबईच्या रस्त्यावर आला, जोडीला अशोक सराफ आले. त्याच चित्रपटात राम-लक्ष्मण ही संगीतकार जोडी पुढं आली. नाव दादांनीच दिलेलं. त्यातले लक्ष्मण, म्हणजे विजय पाटील, राम गेल्यावरही तेच जोडनाव लावून काम करत राहिले आणि १९८९ मध्ये 'मैंने प्यार किया'चं संगीत त्यांनी दिलं. 'एकटा जीव सदाशिव'ची गोष्ट २००० साली गोविंदाला घेऊन 'जिस देश में गंगा रहता है' म्हणून हिंदीत आली. देणं इतकं लांबवर पोचलेलं आहे, पण त्यावर नाव दिसत नाही.

दादांवरच्या प्रत्येक लेखात एक वाक्य असतंच : सलग नऊ चित्रपटांचा रौप्यमहोत्सव आणि गिनीज बुकातली नोंद. आता रौप्यमहोत्सव म्हणजे काय? शहरातल्या एका थिएटरात पंचवीस आठवडे. ती मोजणी मुंबई-पुण्याच्या थिएटरांतली. टेंभुर्णीच्या तंबूतली मोजणी त्यात कुठं आहे?

ज्यांचे केस पांढरे झालेत त्यांना तंबू आठवत असेल. टूरिंग टॉकीज. पावसाळा सरला की मालट्रकवर कनाती, खांब, मशीन, जनरेटर घालून गावोगाव हिंडायचं, यात्रा गाठायच्या. कर्ण्यावर गाणी लागली की समजायचं, आज खेळ आहे. बसायला जमीन, बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. मशीन एकच, त्यामुळं रीळ संपलं की दिवा लागायचा आणि दुसरं रीळ चढेपर्यंत तंबूभर चर्चा. प्रिंट यायची ती शहरात झिजून, ओरखडे पडलेली, मधले तुकडे तुटलेले. सेन्सॉरनं काय कापलं आणि मशीनवाल्यानं काय कापलं हे इथं कुणाला कळणार! पण लोक तोच सिनेमा पुन्हा पुन्हा बघायचे, कारण पुढच्या यात्रेत तो पुन्हा यायचाच. याचे आठवडे कुणी मोजले नाहीत, कारण तंबू एका जागी पंचवीस आठवडे थांबतच नव्हता.

आणि काळ कोणता? १९७२ चा दुष्काळ. उजनी धरण पूर्ण झालं ते १९८० साली. त्याआधीचा माढा तालुका आठवा. खडी फोडायला गेलेली माणसं, सुकडी, रोजगाराची कामं. त्या वर्षाचा चित्रपट 'एकटा जीव सदाशिव' : खेड्यात वाढलेला गडी शहरातल्या श्रीमंत आईबापांच्या घरात जातो आणि तिथल्या रीतीभातींची त्रेधा उडवतो. दुष्काळातल्या माणसानं हे बघून का हसावं, हे समजायला फार पुस्तकं वाचायला नकोत.

आता त्या दुखऱ्या जागेकडं येऊ. द्व्यर्थी संवाद. दादांचं नाव काढलं की हसू येतं आणि पाठोपाठ थोडी शरमही, आमचंही तसंच होत आलं आहे. याचं तंत्र आधी पाहा. बोलणारा पूर्ण निरागस असतो. दुसरा अर्थ तो बोलत नाही, तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो. त्यामुळं हरकत घेणाऱ्याची पंचाईत होते. हरकत घ्यायची तर आपल्याला तो अर्थ सुचला हे आधी कबूल करावं लागतं. सेन्सॉर बोर्डाशी दादांचे जे खटके उडत ते इथंच. हे तंत्र त्यांनी शोधलेलं नाही. गवळणीतली मावशी तेच करते, कूट घालणारा शाहीर तेच करतो, आणि लग्नाघरी जमलेल्या बायकांचं बोलणं कधी कानावर पडलं असेल तर दादा फार सौम्य वाटतील!

पण एवढं म्हणून आम्ही त्यांची वकिली करणार नाही. सुरुवातीच्या चित्रपटांत भोळा माणूस मध्यभागी होता आणि कोटी त्याच्या भोळेपणातून फुटत होती. समोरची बाईही तोडीस तोड असे. उषा चव्हाणांच्या भूमिका आठवून बघा, ती गप्प बसणारी नाही. ऐंशीच्या दशकात उलटं होत गेलं. आधी कोटी, मग तिच्यासाठी प्रसंग, आणि बाई फक्त कोटीचं निमित्त. 'मुका घ्या मुका', 'पळवापळवी', 'येऊ का घरात' ही नावंच बघा. हिंदीत 'तेरे मेरे बीच में' आणि 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' आले, त्यात ती बोलीही गेली. बोली गेल्यावर निरागसपणा कुठं टिकणार? तो त्या बोलीतच होता.

असं का झालं? आमचा तर्क सांगतो, पटला तर घ्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. ज्या प्रेक्षकानं हा नट घडवला तो गिरणगावातून उठला. व्हिडिओ आला, तंबू विरळ झाले. नाटकात १९८३ साली 'टुरटुर' आलं, लक्ष्मीकांत बेर्डे आले, १९८५ ला 'धूमधडाका', १९८८ ला 'अशी ही बनवाबनवी'. विनोद फ्लॅटमध्ये राहायला गेला, भाड्याच्या खोलीची चिंता करू लागला. नाम्याला आये हाक मारायला समोर कुणी उरलं नाही. आणि 'विच्छा'चे प्रयोग थांबलेले होते, म्हणजे रोज रात्री समोरच्या माणसाकडून नवं काही शिकायचा रस्ताही बंद. नट पडद्यावर एकटा पडला की तो स्वतःचीच नक्कल करू लागतो, हे दादांच्याबाबतीत झालं असं आमचं मत आहे.

१४ मार्च १९९८ ला मुंबईत ते गेले. त्यांनी सांगितलेलं आणि अनिता पाध्ये यांनी शब्दबद्ध केलेलं 'एकटा जीव' हे आत्मकथन उपलब्ध आहे, जरूर वाचा. हसवणाऱ्या माणसाच्या घरातला एकांत त्यात दिसतो. मराठी रंगभूमीच्या इतिहासात मात्र संगीत नाटकाला प्रकरणंच्या प्रकरणं आणि 'विच्छा'ला चार ओळी, हे आम्हीच केलेलं आहे. आम्ही पुस्तकात जे सापडतं ते लिहिलं, आणि 'विच्छा' पुस्तकात नव्हतीच. ज्यानं १९७० च्या सुमारास पंधराव्या वर्षी ती पाहिली, तो आज सत्तरीत आहे.

म्हणून आता प्रश्नोत्तरांआधी पहिला प्रश्न आमचाच. या पंचक्रोशीत, अकलूजला, पंढरपूरला, कुर्डुवाडीला, बार्शीला किंवा सोलापूरला, कुणी दादांच्या 'विच्छा'चा प्रयोग पाहिला आहे का? असेल तर पुढं या. त्या रात्री हवालदारानं नव्या कोतवालाला कुणाचं नाव घेऊन चिमटा काढला होता, तेवढं आठवून सांगा. ध्वनिमुद्रण चालूच आहे. ते काका हात वर करतायत, त्यांना माइक द्या.