लसीकरण वेळापत्रक, बालकांचे (भारत)
१९८५ मध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमानुसार जन्मतःच बीसीजी व पोलिओचा डोस, तर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस-बीची लस देतात. बीसीजी डाव्या दंडावर टोचतात; काही आठवड्यांनी तिथे फोड येऊन व्रण राहतो. ते अपेक्षितच असते, त्यावर काही लावू नये. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरील एकत्रित लस) ६, १०, १४ आठवड्यांना. गोवर-रुबेलाचा पहिला डोस मात्र ९ महिने पूर्ण झाल्यावर, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडे त्याआधी लस निष्प्रभ करू शकतात. दुसरा १६ ते २४ महिन्यांत. धनुर्वात-घटसर्पाची टीडी १० व १६ व्या वर्षी द्यायची असते; मूल मोठे झाले म्हणून ती टाळणे धोक्याचे. डोस चुकल्यास बहुतेक लसी पहिल्यापासून घ्याव्या लागत नाहीत. राहिलेला डोस लवकरात लवकर द्यावा.